टँकर कुठून जाणार, हे ठरवतं कोण?

सोलापुरात जड वाहतुकीवर बोलायला कुणाला आमंत्रण लागत नाही. चहाच्या टपरीवर, रिक्षात, लग्नाच्या पंगतीत, कुठंही विषय काढा. ट्रकखाली कुणाचा तरी जीव गेला की दोन दिवस संताप, निवेदनं, रास्ता रोको. मग शहरात बंदीच्या वेळा. मग त्या वेळांत सवलती. आणि मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. यावर मीही पुष्कळ लिहिलंय. आज त्यातल्याच एका गोष्टीबद्दल लिहितोय, जी ‘जड वाहतूक’ या शब्दाखाली झाकली गेलीय.

वाळूचा हायवा जड. सिमेंटचा बल्कर जड. आणि वीस हजार लिटर पेट्रोल घेऊन चाललेला टँकरही जड. आपल्या बंदीच्या पाटीवर तिघांची जात एकच. पण हायवा उलटला तर जे नुकसान होतं ते त्या रस्त्यापुरतं. टँकर उलटला तर ज्यांचा त्या रस्त्याशी काही संबंध नाही, घरात जेवायला बसलेली माणसं, तीही त्यात येतात. म्हणून टँकरच्या बाबतीत ‘किती वाजता’ या प्रश्नाइतकाच ‘कुठून’ हा प्रश्न महत्त्वाचा आहे. आणि हा प्रश्न आपल्याकडं नेमका कुणाचा, तेच ठरलेलं नाही.

आधी आपल्या जिल्ह्यातून काय काय जातं ते बघू. पाकणीला तेल कंपन्यांचे डेपो आहेत. मुंबईहून पुण्यामार्गे पाइपलाइननं इंधन तिथवर येतं आणि तिथून पुढं त्याला चाकं लागतात. राज्यात सगळ्यांत जास्त साखर कारखाने आपल्या जिल्ह्यात. कारखान्याला डिस्टिलरी जोडली गेली की इथेनॉलचे टँकर आले. चिंचोळी एमआयडीसीत आणि तुळजापूर रस्त्यावर तामलवाडीला रसायनांचे कारखाने आहेत, त्यांचा कच्चा माल येतो आणि पक्का माल जातो. स्वयंपाकाच्या गॅसचे बुलेट टँकर आहेत. बर्फाचे कारखाने नि शीतगृहांना अमोनिया लागतो, पाणी शुद्ध करायला क्लोरीन लागतो. वर पुणे-हैदराबाद महामार्गानं नुसते आरपार जाणारे परराज्यातले टँकर वेगळेच.

ही यादी घाबरवायला देत नाहीये. यातलं काहीही दोन दिवस थांबलं तर आपलीच चूल, गाडी, नळ आणि दवाखाना अडेल. माल जायलाच पाहिजे. प्रश्न फक्त वाटेचा आहे.

माझ्या डोळ्यांसमोरचा एक प्रसंग सांगतो. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण दोष त्या गावाचा नाही आणि तिथं उभ्या असलेल्या माणसांचाही नाही. गळिताचा हंगाम होता. महामार्गावर उसाची जोड-ट्रॉली उलटली, दोन्ही बाजूंना रांगा लागल्या. तासाभरानं वाहतूक गावातून वळवायला सुरुवात झाली. बाजाराचा दिवस. अंधार पडलेला, बाजार मोडत आलेला, तरी भज्यांचे गाडे चालू होते आणि त्यांच्या शेगड्या रस्त्यापासून दोन हातांवर.

वळवलेल्या रांगेत कार, एसटी, कंटेनर आणि मधेच एक पेट्रोलचा टँकर. ड्रायव्हर परप्रांतीय. माझ्या गळ्यात कॅमेरा बघून त्याला वाटलं हा कुणीतरी सरकारी माणूस असावा. खाली उतरून विचारलं, “साहब, किधर से निकालूँ?” त्यानं मालकाच्या सुपरवायझरला फोन लावला होता. सुपरवायझर म्हणाला, ठरलेला मार्ग सोडू नको, यंत्रात दिसतं, दंड बसेल. नाक्यावरचा जवान म्हणत होता, गाडी पुढं काढ, मागं दोन किलोमीटर रांग आहे. मोबाइलवरचा नकाशा तिसरंच सांगत होता, बाजारपेठेतून डावीकडं, चार मिनिटं वाचतील म्हणून. तीन आवाज, आणि तिघांपैकी एकालाही बाकीच्या दोघांचं माहीत नाही. शेवटी तो ज्या गाडीच्या मागं होता त्या गाडीच्या मागंमागं गेला. भज्यांच्या गाड्यांना घासून, वर लोंबणाऱ्या तारांखालून.

काही झालं नाही. काही झालं नाही म्हणून त्याची बातमीही झाली नाही. पण मला तो प्रसंग विसरता येत नाही, कारण वीस हजार लिटर पेट्रोल गावातून न्यायचं की नाही, हा निर्णय त्या संध्याकाळी कुणीच घेतला नव्हता. तो आपोआप झाला होता.

आता कायदा काय म्हणतो? कायदा कमी नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ चे, त्यात नियम १२९ ते १३७ धोकादायक मालाच्या वाहतुकीसाठीच आहेत. माल पाठवणारा, गाडीमालक आणि ड्रायव्हर, प्रत्येकाची जबाबदारी वेगळी लिहिलीय. ड्रायव्हरकडं ‘ट्रेम कार्ड’ हवं, म्हणजे माल काय आहे, गळला तर काय करायचं, काय करायचं नाही, याचा कागद. त्याचं खास प्रशिक्षण झालेलं हवं. अपघात झाला तर लगेच जवळच्या पोलिस ठाण्याला कळवायचं. टँकरवर चौकटींची पाटी हवी, तिच्यात मालाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक आणि अडचणीत कुणाला फोन करायचा ते.

ती पाटी तुम्ही शेकडो वेळा बघितली असेल, वाचली नसेल. पुढच्या वेळी वाचा. १२०३ म्हणजे पेट्रोल. १२०२ डिझेल. १०७५ स्वयंपाकाचा गॅस. ११७० इथेनॉल. १००५ अमोनिया. १०१७ क्लोरीन. १८३० गंधकाम्ल. हे चार आकडे अग्निशमनच्या जवानासाठी जीवन-मरणाचे असतात. पेट्रोलच्या आगीवर जो साधा फेस मारतात, तो इथेनॉलच्या आगीवर टिकत नाही, विरघळून जातो. तिथं वेगळा फेस लागतो. शिवाय इथेनॉलची ज्वाला दिवसाउजेडी नीट दिसतही नाही. आपल्या जिल्ह्यात दुधाचा, मळीचा, पाण्याचा आणि इथेनॉलचा टँकर लांबून एकसारखाच दिसतो, म्हणून हे सांगतोय.

मार्गाचं म्हणाल तर मोटार वाहन कायदा १९८८, कलम ११५. ठरावीक प्रकारच्या वाहनांना ठरावीक रस्त्यावर बंदी घालायचा किंवा निर्बंध लावायचा अधिकार त्यात आहे. महिन्याच्या आतली बंदी असेल तर राजपत्रात छापायचीही गरज नाही, स्थानिक पातळीवर लोकांना कळवलं की झालं. रासायनिक अपघातांसाठी १९९६ चे वेगळे नियम आहेत. त्यांत जिल्ह्याचा आपत्ती गट सांगितलाय आणि त्याचे अध्यक्ष जिल्हाधिकारी. २०२२ मध्ये केंद्राच्या अधिसूचनेनं धोकादायक माल नेणाऱ्या गाड्यांना ट्रॅकिंग यंत्र सक्तीचं केलं. तेल कंपन्यांच्या टँकरवर तर ते आधीपासून आहे. मार्ग सोडला किंवा भलत्या जागी थांबला की लगेच कळतं.

म्हणजे बघा, गाडी कुठं आहे ते मालकाला माहीत. गाडीत काय आहे ते पाटीवर लिहिलेलं. रस्ता कुठं बंद आहे ते पोलिसांना माहीत. अधिकार जिल्हाधिकारी कार्यालयात. सगळं आहे, पण चार ठिकाणी. आणि ट्रॅकिंगचा मूळ हेतू काय होता? वाटेत चोरी आणि भेसळ होऊ नये हा. हेतू चांगलाच आहे. पण त्याचा परिणाम असा की रस्ता बंद झाल्यावर ड्रायव्हर सुरक्षित जागी बाजूला थांबायलाही कचरतो. यंत्र माल सांभाळतंय. माणसं सांभाळायला त्या यंत्राला कुणी सांगितलेलंच नाही.

कुणी म्हणेल, असं कितीदा होतं? फार वेळा होत नाही, हे खरं. होतं तेव्हा काय होतं ते बघा.

१३ जून २०२३. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, खंडाळ्याजवळचा कुणे पूल. मिथेनॉलचा टँकर उलटून पेटला. पेटतं रसायन पुलावरून खालच्या रस्त्यावर पडलं. चार जण गेले, आणि त्यांत खालच्या रस्त्यानं दुचाकीवरून जाणारी माणसं होती. टँकरच्या रस्त्यावर ती नव्हतीच.

२० डिसेंबर २०२४. जयपूर-अजमेर महामार्ग, भांकरोटा. पहाटेच्या वेळी गॅसचा टँकर दुभाजकाच्या मोकळ्या जागेतून वळण घेत होता, ट्रक येऊन त्याच्या व्हॉल्व्हच्या बाजूवर आदळला. सुमारे अठरा टन गॅस सुटला. घरातलं सिलिंडर १४.२ किलोचं, हिशोब केला तर साडेबाराशेहून जास्त सिलिंडर एका जागी. जवळपास वीस माणसं गेली, त्यांत बसमधले प्रवासी होते. सरळ रस्ता होता. धोका होता तो वळायच्या जागी.

२२ सप्टेंबर २०२२. मुंबई-गोवा महामार्ग, लांज्याजवळचा अंजणारी पूल. गॅसचा टँकर कठडा तोडून काजळी नदीत कोसळला, ड्रायव्हर गेला. गॅस गळत असल्यानं महामार्ग कितीतरी तास बंद ठेवावा लागला आणि वाहतूक आतल्या रस्त्यांनी वळवावी लागली. माझा मुद्दा नेमका इथं आहे. अपघात एका टँकरचा, पण त्यानंतर आतल्या अरुंद रस्त्यांना लागलेल्या रांगेत दुसरे टँकर असतात की नसतात, हे कोण बघतं?

आणि परदेशातला एकच दाखला देतो, कारण तो आपल्या वळणरस्त्याच्या गोष्टीला तंतोतंत लागू पडतो. स्पेन, जुलै १९७८. क्षमतेपेक्षा जास्त प्रोपिलीन भरलेला टँकर टोलचा रस्ता सोडून किनाऱ्याच्या जुन्या रस्त्यानं निघाला. त्या रस्त्याला लागून लोस अल्फाकेस नावाचा पर्यटकांचा तळ होता, सुट्टीत तंबू ठोकून राहिलेली कुटुंबं. तिथंच टँकर फुटला. दोनशेहून अधिक माणसं गेली. त्यानंतर स्पेननं असल्या टँकरना वस्तीतून जायला बंदी केली. दोनशे जीव गेल्यावर केली, हे लक्षात घ्या.

आता आपल्याकडं या. केगाव-हत्तूर वळणरस्ता झाल्यापासून पुण्याकडून विजयपूरला जाणाऱ्या गाड्यांना सात रस्ता, विजापूर नाका, सैफूल असं शहरातून जायची गरज उरलेली नाही. मग प्रश्न मिटला का? नाही मिटला. दोन कारणं आहेत.

पहिलं कारण, बाहेरचा रस्ता म्हणजे ओसाड रस्ता नव्हे. केगावला विद्यापीठ आहे, कॉलेजं आहेत. वळणरस्त्याच्या कडेनं गावं आहेत, ढाबे झालेत, प्लॉट पडतायत. शहरातला धोका उचलून देगाव-हत्तूरच्या दारात ठेवणं हा काही न्याय नाही. सकाळी दहाला विद्यापीठासमोर गर्दी असते, रात्री दोनला नसते. बाजारपेठ रात्री रिकामी, पण गल्लीबोळांत माणसं झोपलेली. म्हणजे कुठला रस्ता सुरक्षित, याचं उत्तर घड्याळाप्रमाणं बदलतं. गड्ड्याच्या यात्रेत बदलतं. धुक्यात बदलतं. एक पाटी ठोकून भागत नाही.

दुसरं कारण जास्त गंभीर. ठरलेला रस्ता बंद पडतो तेव्हा काय? २०२५ च्या सप्टेंबरात सीनेला पूर आला तेव्हा आपण सगळ्यांनी बघितलं. लांबोटीजवळ पुणे महामार्गावरची वाहतूक थांबवावी लागली, वडकबाळकडं विजयपूर रस्त्याचीही तीच गत. अशा वेळी गाड्या वाट फुटेल तिकडं वळतात. आणि नेमक्या त्याच वेळी इंधन जास्त लागतं. रुग्णवाहिकेला लागतं, बचावाच्या बोटींना लागतं, जनरेटरला लागतं. म्हणजे ‘सगळे टँकर बंद’ हेही उत्तर नाही. कुणीतरी बसून, त्या त्या तासाला, हा टँकर जाऊ द्या, हा थांबवा, असं ठरवायला हवं.

अमेरिकेतल्या अग्निशमन दलांच्या हाताशी एक पुस्तिका असते. गॅसच्या टँकरला आग लागली तर सगळ्या बाजूंनी १६०० मीटरपर्यंत माणसं हलवा, असं त्यात आहे. मोबाइलवर सोलापूरचा नकाशा उघडा, सात रस्त्यावर बोट ठेवा आणि सोळाशे मीटरचं वर्तुळ काढा. रेल्वे स्टेशन, सिव्हिल हॉस्पिटल, सिद्धेश्वर मंदिर, शाळा, सगळं आत. एवढी माणसं हलवायची तर किती वेळ लागेल, याचा ज्याचा त्यानं विचार करावा. त्यापेक्षा टँकर तिथं येऊच न देणं सोपं.

“आपल्याकडं नाही जमत ओ हे,” असं कुणी म्हणालं की मला पटत नाही. आपल्याकडं जमलेलं आहे.

एप्रिल २०२१ आठवा. ऑक्सिजनअभावी माणसं जात होती. कळंबोलीहून सात रिकामे टँकर रेल्वेच्या सपाट वाघिणींवर चढवून विशाखापट्टणमला पाठवले. द्रवरूप ऑक्सिजन हाही धोकादायकच माल. टँकरची उंची मोजली, वाटेतले घाट, बोगदे, पूल तपासले, आणि जवळचा रस्ता सोडून वसई, सुरत, जळगाव, नागपूर असा वळसा घेतला. तीन टँकर नागपूरला उतरले, चार नाशिकला आले. गाडीत काय आहे, कुठून न्यायचं, आत्ता कुठं आहे, हे सगळं तेव्हा एका ठिकाणी बघितलं जात होतं, म्हणून ते झालं.

एवढं लांब कशाला? आपली वारी घ्या. दरवर्षी आषाढीला लाखो माणसं पंढरपूरच्या वाटेवर असतात. कोणता रस्ता कधीपासून कधीपर्यंत बंद, गाड्या कुठून वळवायच्या, मुक्काम हलला की रस्ता कधी खुला, याचे आदेश निघतात आणि पाळले जातात. जो जिल्हा एवढ्या माणसांची वाट रोज बदलून सांभाळतो, त्याला टँकरची वाट सांभाळता येणार नाही?

म्हणून माझं मागणं चार गोष्टींचं आहे. नवा कायदा नको, कोट्यवधींची निविदा नको.

एक. जिल्ह्याच्या आपत्ती गटानं टँकरसाठी मार्गांचा तक्ता करावा, वेळेसकट, सणावारासकट. तो मराठी, हिंदी, कन्नड, तेलुगूत छापून पाकणीच्या डेपोंना, डिस्टिलऱ्यांना, कारखान्यांना आणि महामार्गावरच्या टोलनाक्यांना द्यावा.

दोन. रस्ता वळवायचा प्रत्येक आदेश निघेल तेव्हा त्यात एक ओळ टँकरसाठी वेगळी असावी. बाकीची वाहनं कुठून जातील ते लिहिता, तसं टँकर कुठून जातील किंवा कुठं थांबतील तेही लिहा.

तीन. थांबायला जागा द्या. वस्तीपासून लांब, पाणी, संडास, दिवा आणि पहारा असलेली, महामार्गाच्या प्रत्येक बाजूला एक तरी. कित्येकदा सगळ्यांत सुरक्षित मार्ग म्हणजे दोन तास न हलणं. पण त्या दोन तासांचा दंड ड्रायव्हरच्या डोक्यावर बसत असेल तर तो थांबणार नाही. नियंत्रण कक्षानं थांब म्हटलं तर दंड नाही, एवढं कंपन्यांकडून लिहून घ्या.

चार. हे ठरवणारा माणूस एकच असावा आणि त्याचा फोन चोवीस तास लागावा. नाक्यावर बारा तास उभ्या असलेल्या जवानावर हे ओझं टाकू नका. त्याला फक्त पाटीवरचे चार आकडे वाचून एक फोन करता आला पाहिजे: “१२०३ आहे, काय करू?” आणि पलीकडून उत्तर आलं पाहिजे.

आपल्याकडून काय? टँकर उलटलेला दिसला तर व्हिडिओ काढायला जवळ जाऊ नका, कॅन घेऊन तर अजिबात धावू नका. गाडीचं इंजिन बंद करा, विडी-सिगारेट विझवा, वारा जिकडून येतोय त्या बाजूला लांब जा. ११२ ला फोन करा आणि लांबून दिसत असतील तर पाटीवरचे आकडे सांगा. महामार्गावर असाल तर १०३३, घरगुती गॅसची गळती असेल तर १९०६.

जिल्ह्याच्या आपत्ती आराखड्यात टँकरच्या मार्गांबद्दल काय लिहिलंय, ते मागणारा माहिती अधिकाराचा अर्ज मी या आठवड्यात टाकतोय. उत्तर आलं की जसंच्या तसं इथं मांडीन. तोवर तुमच्या भागातली एखादी जागा, जिथं टँकर वळतो, अडकतो, शाळा सुटायच्या वेळी घुसतो, ती वेळेसकट खाली लिहा. ड्रायव्हर, क्लीनर, पंपावर काम करणारी मंडळी वाचत असतील तर त्यांनी तर जरूर लिहा, नाव नका देऊ हवं तर. ती यादी अर्जासोबत जोडतो. तक्ता त्यांनी करायचा आहे, पण गल्ली आपली आहे, आणि गल्लीतलं आपल्यालाच जास्त ठाऊक.